मूलद्रव्यांची घराणी



ज्या घरांत दहावीचे वर्ष असते, तिथून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "मुलगी रात्री अकरा वाजेपर्यंत आवर्तसारणी पाठ करते आणि सकाळी निम्मी विसरते. मी स्वतः सातवीपर्यंतच शिकले. मी तिला काय मदत करणार?" या प्रश्नामागे आणखी एक काळजी असते. ती फारशी बोलून दाखवली जात नाही. अशा एखाद्या धड्यावर अडकलेली मुलगी 'विज्ञान आपल्या डोक्यात शिरत नाही' असे धरून चालते आणि अकरावीला शाखा निवडताना हाच निर्णय कायमचा होतो. डोके चांगले असते, चूक पाठ करण्याच्या पद्धतीत असते.

म्हणून आज हा धडा घरातल्या माणसांच्या भाषेत सांगते. आवर्तसारणी ही नावांची यादी नव्हे, ती नातेसंबंधांची मांडणी आहे. कोण कोणाच्या घराण्यातला, हे आपल्या घरातल्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. लग्नाच्या दावतीत कोणाला कोणाशेजारी बसवायचे हे ज्यांना कळते, त्यांना हा तक्ताही कळेल.

तक्ता कसा वाचायचा

आज माहीत असलेली मूलद्रव्ये ११८ आहेत. उर्दू माध्यमाची मुले यांना 'अनासिर' म्हणतात आणि तक्त्याला 'दौरी जदवल'. तक्त्यात ७ आडव्या ओळी आहेत, त्यांना आवर्त म्हणतात. १८ उभे स्तंभ आहेत, त्यांना गण म्हणतात. खाली वेगळ्या काढलेल्या दोन ओळी जागेच्या सोयीसाठी आहेत. त्या मुळात सहाव्या आणि सातव्या आवर्तातल्याच.

यातला गण म्हणजे घराणे. एका गणातली मूलद्रव्ये दिसायला सारखी असतीलच असे नाही. कोणी वायू, कोणी द्रव, कोणी घन. पण त्यांची वागण्याची रीत एक असते. दुसऱ्यांशी ती किती प्रमाणात जोडली जातात, पाण्याशी कशी वागतात, काय देतात, काय घेतात, यात घराण्याची ओळख पटते. हे एक वाक्य मुलीच्या मनात बसले तर निम्मा धडा झाला: दिसण्यावर जाऊ नको, वागण्यावर जा.

ही ओळख पटायला किती काळ लागला

पदार्थांना वागण्यावरून गटांत बसवण्याची धडपड जुनी आहे. अबू बक्र अल-राझी हे रय शहराचे नामांकित हकीम. त्यांच्या हयातीला आता हजार वर्षांहून अधिक काळ लोटला. 'किताबुल असरार' या ग्रंथात त्यांनी खनिज पदार्थांचे सहा वर्ग केले. तापवले की उडून जाणारे पारा, गंधक, हरताळ आणि नवसागर एका वर्गात. ठोकले तर पसरणारे धातू दुसऱ्यात. दगड तिसऱ्यात. मोरचूद, हिराकस यांच्यासारखे पदार्थ चौथ्यात. टाकणखार आणि त्याचे भाऊबंद पाचव्यात आणि क्षार सहाव्यात. भट्टीवर स्वतः करून पाहून केलेली ही विभागणी होती.

काही जण उत्साहाच्या भरात सांगतात की आवर्तसारणी आपल्याच लोकांनी शोधली. तसे मुलांना सांगू नये. राझी यांच्या वर्गांत मूलद्रव्ये आणि संयुगे एकत्र आहेत, कारण हा फरक त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हता. त्यांचे खरे मोठेपण पुरेसे आहे. ऐकीव गोष्टीवर न थांबता त्यांनी पदार्थाला तापवून, विरघळवून विचारले की तू कोण? मुलांनी त्यांच्याकडून घ्यायचे ते हे.

पुढे १८२९ मध्ये जर्मनीच्या डोबेरायनर यांना तीन-तीनची त्रिके दिसली. लिथियमचे अणुवस्तुमान सुमारे ७, सोडियमचे २३, पोटॅशियमचे ३९. पहिले आणि तिसरे मिळवा, निम्मे करा, मधल्याचे येते. तिघांचे वागणेही एकाच तऱ्हेचे. १८६५ मध्ये इंग्लंडच्या न्यूलँड्स यांनी सांगितले की मूलद्रव्ये वजनाच्या क्रमाने मांडली तर सारेगमच्या सुरांप्रमाणे दर आठवे पहिल्यासारखे वागते. लंडनच्या सभेत एका गृहस्थांनी त्यांना खोचकपणे विचारले, अक्षरांच्या क्रमाने लावून पाहिलीत का? पुढे १८८७ मध्ये रॉयल सोसायटीने त्याच न्यूलँड्स यांना डेव्ही पदक दिले. वर्गात ज्या मुलाच्या प्रश्नाला हसले जाते, त्याला ही गोष्ट जरूर सांगावी.

या साऱ्या धाग्यांचे कापड विणले रशियाच्या दिमित्री मेंडेलीव्ह यांनी, १८६९ मध्ये. त्यांच्या कीर्तीत त्यांच्या आईचा मोठा वाटा आहे. सायबेरियातल्या तोबोल्स्क गावी जन्मलेले हे मोठ्या कुटुंबातले शेंडेफळ. वडिलांची दृष्टी गेली तेव्हा आईने काचेचा कारखाना चालवून घर सांभाळले. वडील वारले, कारखाना जळाला. तेव्हा ही माऊली धाकट्या मुलाला घेऊन हजारो किलोमीटरचा प्रवास करत मॉस्कोला गेली. तिथे प्रवेश मिळाला नाही, म्हणून पीटर्सबर्गला गेली. १८५० मध्ये मुलाला प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी तिचे निधन झाले. द्रावणांवरचा आपला १८८७ मधला ग्रंथ मेंडेलीव्ह यांनी आईला अर्पण केला. 'मी काय मदत करणार' असे म्हणणाऱ्या प्रत्येक आईने हे लक्षात ठेवावे. त्या आईने मुलाला रसायनशास्त्र शिकवले नव्हते. मुलगा शिकला पाहिजे, एवढे मात्र सोडले नाही.

मेंडेलीव्ह यांच्या वेळी ६३ मूलद्रव्ये माहीत होती. त्यांनी ती वजनाच्या क्रमाने मांडली, पण घराणे मोडत असेल तर वजनाचे ऐकले नाही. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड आहे, तरी आयोडीन त्यांनी नंतर ठेवले, कारण त्याचे वागणे क्लोरीन आणि ब्रोमीनच्या घरचे होते. जिथे त्या घराण्यातले कोणी सापडेना, तिथे त्यांनी जागा रिकामी सोडली आणि अजून न सापडलेल्या मूलद्रव्याला नावही दिले: एका-ॲल्युमिनियम. यातला 'एका' म्हणजे संस्कृतातला एक. ॲल्युमिनियमच्या खालची एक जागा.

१८७५ मध्ये फ्रान्समध्ये ते मूलद्रव्य सापडले. नाव ठेवले गॅलियम. शोधणाऱ्याने त्याची घनता मोजली, ती ४.७ भरली. मेंडेलीव्ह यांनी कळवले की ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, ५.९ आली. ज्याच्या हातात धातू होता त्याच्यापेक्षा, ज्याने तो कधी पाहिला नव्हता त्याला जास्त माहीत होते, कारण त्याला घराणे माहीत होते.

घराणे का बनते

याचे कारण मेंडेलीव्ह यांना ठाऊक नव्हते. १९१३ मध्ये मोज्ली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या प्रयोगांतून दाखवले की खरा क्रम वजनाचा नाही, अणुअंकाचा आहे. अणुअंक म्हणजे अणूच्या केंद्रातल्या प्रोटॉनची संख्या. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. गुंता सुटला. दोनच वर्षांनी, वयाच्या २७ व्या वर्षी, गॅलिपोली इथे उस्मानी सैन्याविरुद्धच्या लढाईत मोज्ली मारले गेले.

अणूत जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन. हे इलेक्ट्रॉन केंद्राभोवती एकाबाहेर एक अशा कवचांत असतात. बाहेरच्या जगाशी व्यवहार करतात ते शेवटच्या कवचातले. म्हणून ज्यांच्या शेवटच्या कवचात इलेक्ट्रॉन सारखे, त्यांचे वागणे सारखे. लिथियमची मांडणी २, १. सोडियमची २, ८, १. पोटॅशियमची २, ८, ८, १. तिघांच्या शेवटी १, म्हणून तिघे पहिल्या गणात. आडव्या ओळीचा क्रमांक सांगतो कवचे किती. लिथियमची दोन, म्हणून दुसरे आवर्त. सोडियमची तीन, म्हणून तिसरे.

परीक्षेसाठी हिशेब सोपा आहे. गण १ आणि २ मध्ये शेवटी १ आणि २ इलेक्ट्रॉन. गण १३ ते १८ मध्ये गणाच्या क्रमांकातून १० वजा करा: १३ व्यात ३, १७ व्यात ७, १८ व्यात ८. मधल्या ३ ते १२ गणांचा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे, तो पुढच्या वर्गांत येतो.

घरातच राहणारी घराणी

आता पुस्तक मिटा आणि स्वयंपाकघरात या.

पहिला गण, अल्कली धातू. या शब्दाचे मूळ अरबी आहे: अल-क़ली, म्हणजे झाडांची राख. आपल्या आजी-नानी राखेने भांडी घासत, त्या राखेत पोटॅशियमचा क्षार असतो. मुले विचारतात, पोटॅशियमच्या नावात 'के' नाही, मग चिन्ह 'के' का? ते 'कॅलियम' या नावावरून आले आणि कॅलियम त्याच अरबी शब्दावरून. एकदा हे सांगितले की ते चिन्ह कोणी विसरत नाही. हे घराणे देणाऱ्यांचे. शेवटचा एक इलेक्ट्रॉन देऊन टाकायची त्यांना घाई असते, इतकी की सोडियमचा तुकडा प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. पाण्यात लिथियम संथपणे फसफसते, सोडियम पाण्यावर पळत सुटते, पोटॅशियम पेट घेते. खाली जावे तसा स्वभाव तापट.

दुसरा गण. पानाला लावायचा चुना, दूध आणि आपली हाडे यांत कॅल्शियम आहे. त्याच्या खालचे स्ट्रॉन्शियम आतषबाजीला लाल रंग देते, त्याखालचे बेरियम हिरवा. या घराण्यातला प्रत्येक जण दोन इलेक्ट्रॉन देतो.

सतरावा गण, हॅलोजन. हे घेणारे. शेवटच्या कवचात सात आहेत, एक कमी आहे. क्लोरीन पिवळट हिरवा वायू, ब्रोमीन तांबूस द्रव, आयोडीन काळपट चकाकणारा घन. दिसण्यात काही साम्य आहे का? पण तिघेही एकच इलेक्ट्रॉन मागतात. हॅलोजन या शब्दाचा अर्थच 'मीठ बनवणारे' असा आहे. पाण्यात पेटणारा धातू आणि छाती जाळणारा वायू. एकाने दिले, दुसऱ्याने घेतले, आणि दस्तरखानावर मीठ आले. सुबहानल्लाह.

अकरावा गण: तांबे, चांदी, सोने. पूर्वी नाणी याच तिघांची पाडली जात. तांब्यावर हिरवा थर चढतो, चांदी काळवंडते, सोने तसेच राहते. म्हणजे इथे खाली जावे तसा स्वभाव शांत. जकातीचा निसाब आपण साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी असा मोजतो. वर्षानुवर्षे साठवले तरी टिकणारी संपत्ती या घराण्यात का शोधली गेली, हे मुलांना आता सांगता येईल.

अठरावा गण, राजवायू. शेवटचे कवच भरलेले, म्हणून ना देणे ना घेणे. फुग्यातला हीलियम, दिव्यातला ऑरगॉन. हीलियमपाशी दोनच इलेक्ट्रॉन आहेत, तरी तो दुसऱ्या गणात नाही, कारण त्याच्या एकुलत्या कवचात दोघांचीच जागा असते आणि ती भरली आहे.

एक हायड्रोजन मात्र सगळ्यांना कोड्यात टाकतो. त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन आहे म्हणून तो पहिल्या गणात बसतो. एक कमी आहे म्हणून सतराव्याशीही त्याचे जुळते. असा एखादा नातेवाईक प्रत्येक खानदानात असतो.

हे ज्ञान घरात कुठे उपयोगी पडते

पहिली गोष्ट, मीठ. रक्तदाब असलेल्यांसाठी बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. दोघे एकाच घराण्यातले, म्हणून चव जवळपास तशीच लागते. पण भाऊ सारखे असले तरी एक नसतात. ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे, त्यांच्या शरीरातून जादा पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही आणि ते हृदयाला धोक्याचे ठरू शकते. रक्तदाबाच्या काही औषधांनीही पोटॅशियम वाढते. घरातल्या बुजुर्गांसाठी असे मीठ आणण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोष्ट, साफसफाई. कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये क्लोरीन बांधलेला असतो. ते आणि संडास साफ करायचे ॲसिड एकत्र झाले की क्लोरीन वायू मोकळा होतो. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. रमजान-ईदच्या आधीच्या साफसफाईत 'दोन्ही टाकले तर जास्त चमकेल' असे वाटते. तसे कधीही करू नका, आणि बंद मोरीत तर मुळीच नको. चुकून झालेच तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: सुरमा. हदीसमध्ये इस्मिदचा उल्लेख येतो आणि इस्मिद म्हणजे अँटिमनीचे खनिज असे सामान्यतः सांगितले जाते. अँटिमनी १५ व्या गणात आहे. पण बाजारातल्या सुरम्यांच्या तपासण्यांत अनेकदा शिशाचे खनिज आढळले आहे. शिसे १४ व्या गणातले, कोळसा आणि कथलाच्या घरचे. दोन्ही खनिजे राखाडी, चकचकीत. कुटून बारीक केली की डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. दुकानदारालाही ठाऊक असेलच असे नाही. इथे दिसण्यावर गेलो की फसलो.

शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते, आणि रक्तात इतके असले तर चालते अशी कोणतीही सुरक्षित पातळी नाही. बाळाच्या डोळ्यांत सुरमा घातला की ते डोळे चोळते आणि तोच हात तोंडात घालते. मोठ्यांच्या मोहब्बतीतून हे होते, म्हणून सांगणे जड जाते. पण सांगायला हवे. पुडीवर 'अस्सल इस्मिद' असे लिहिले म्हणजे तपासणी झाली असे नव्हे. शिवाय अँटिमनी हा आर्सेनिकच्या, म्हणजे सोमलातल्या विषाच्या, खालचाच शेजारी. तोही बाळासाठी निरुपद्रवी नाही. तेव्हा बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालू नये आणि डोळ्यांची तक्रार असेल तर डॉक्टरांना दाखवावे. आधीपासून घालत आला असाल तर तेही डॉक्टरांना न लपवता सांगा. शिशाचे प्रमाण रक्ताच्या तपासणीतून कळते.

आईने काय करावे

जुन्या लग्नपत्रिका घ्या आणि कोऱ्या बाजूचे वीस तुकडे कापा. मुलीला किंवा मुलाला पहिल्या वीस मूलद्रव्यांची नावे, अणुअंक आणि इलेक्ट्रॉनची मांडणी त्यांवर लिहू द्या. तुकडे पिसा आणि सांगा, शेवटचा आकडा ज्यांचा सारखा, त्यांचा एक ढीग कर. १ च्या ढिगात चार येतील: हायड्रोजन, लिथियम, सोडियम, पोटॅशियम. ७ च्या ढिगात फ्लोरिन आणि क्लोरीन. मग एकेक पत्ता उचलून फक्त विचारा: "हा कोणाच्या घरचा? कशावरून?" उत्तर तुम्हाला ठाऊक असण्याची गरज नाही. मूल सांगताना अडखळले तर त्याला स्वतःलाच कळते की कुठे कच्चे आहे.

हीलियम २ च्या ढिगात जाईल. लगेच चूक म्हणू नका. तो तिथे का राहू शकत नाही, हे तुम्हाला समजेल अशा शब्दांत सांगायला लावा. ज्या दिवशी मूल ते नीट समजावून सांगेल, त्या दिवशी हा धडा त्याचा झाला. रोज वीस मिनिटे, एक आठवडा पुरे. मग पाठांतर लागेल ते फक्त नावांचे, आणि ओळखीच्या माणसांची नावे लवकर पाठ होतात.

अल्लाह आपल्या मुलामुलींच्या इल्ममध्ये बरकत देवो. आमीन.

वस्सलाम.